शब्द खेळाडूने द्यायचा, पाळायचा कोणी? अमेरिकी कॉलेज खेळाडूंच्या 'ट्रान्सफर'वर चर्चा

टचलाइन (धागाकर्ता)

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. कॉलेज खेळाडूला एकदा कॉलेज बदलायची पूर्ण मोकळीक असावी. दुसऱ्यांदा बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं. सध्याचा 'कितीही वेळा बदला, लगेच खेळा' हा कारभार बंद व्हावा.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मध्यवर्ती संघटना. २०१८ पर्यंत शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूला दुसऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षकाशी बोलायलासुद्धा स्वतःच्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि 'अमुक तमुक कॉलेजांत जायचं नाही' अशी यादी त्याच्या हातात ठेवली जायची. १५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) सुरू झालं आणि परवानगी गेली. खेळाडूने लेखी कळवलं की कामाच्या दोन दिवसांत कॉलेजने त्याचं नाव पोर्टलवर चढवायचं. तरी फुटबॉल (इथे सगळीकडे अमेरिकी फुटबॉल), पुरुष आणि महिला बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या पाच खेळांत नव्या कॉलेजात एक वर्ष न खेळता काढावं लागे. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती ती अट उठली. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने पुढच्या बदलांवरची अट रोखली, आणि १७ एप्रिल २०२४ ला एनसीएएने स्वतःच नियम बदलला: अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा जा.

परिणाम काय झाला? फ्लोरिडा स्टेटचा २०२३ चा संघ १३-० (तेरा विजय, एकही पराभव नाही) होता. प्लेऑफमधून वगळल्यावर काही खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या तयारीला गेले, काही पोर्टलमध्ये गेले, आणि उरलेला संघ ऑरेंज बोलमध्ये (हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना 'बोल' म्हणतात) जॉर्जियाकडून ६३-३ ने हरला. डिसेंबर २०२४ मध्ये मार्शल विद्यापीठाने सन बेल्ट लीगचं विजेतेपद मिळवलं आणि आठवड्याभरात इंडिपेंडन्स बोलमधून माघार घेतली, कारण दोन डझनांहून जास्त पोरं पोर्टलमध्ये गेल्याने मैदानात उतरवायला माणसंच उरली नव्हती. त्याच महिन्यात पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) बो प्रिब्युला संघ प्लेऑफमध्ये असताना निघून गेला. दिलेल्या शब्दाला काही किंमत राहिली आहे की नाही?

मैदानाबाहेरून

मार्शलचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. आधी कोण गेलं? प्रशिक्षक चार्ल्स हफ. विजेतेपदाच्या पाठोपाठ तो सदर्न मिसिसिपीला गेला, त्यानंतर पोरं पोर्टलमध्ये शिरली, आणि त्यातली बरीच त्याच्याच मागे गेली. ज्याच्या शब्दावर आले तो माणूसच गेला, मग पोरांनी कोणाचा शब्द पाळायचा, विद्यापीठाच्या घंटाघराचा?

लिंकन रायली २०२१ मध्ये ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेला. ब्रायन केली त्याच आठवड्यात नोत्र दाम सोडून एलएसयूला. लेन किफिन ३० नोव्हेंबर २०२५ ला ओल मिस सोडून एलएसयूला गेला, आणि तेव्हा ओल मिसचा प्लेऑफ पुढ्यात होता. यातला कोणी एक वर्ष बाहेर बसला?

टचलाइन

मुद्दा घेतला, पण प्रशिक्षक फुकट जात नाही. त्याच्या करारात बायआउट (मुदतीआधी सोडल्यास भरायची रक्कम) असतं, नवं विद्यापीठ ते भरतं. खेळाडू जातो तेव्हा जुन्या कॉलेजला काय मिळतं? दोन वर्षं वजनं उचलायला लावून, खाऊ घालून, गुडघ्याची शस्त्रक्रिया करून तयार केलेला मुलगा एका फोनवर मोठं कॉलेज घेऊन जातं.

वकिली चष्मा

बायआउटकडे नंतर येऊ. एक वर्ष बाहेर बसवणं परत का येऊ शकत नाही, ते आधी स्पष्ट करतो, कारण या धाग्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

रेक्वान बॅटल हा बास्केटबॉलपटू आधी वॉशिंग्टनमध्ये होता, मग मोंटाना स्टेटला गेला. तिथला प्रशिक्षक युटा स्टेटला गेल्यावर तो वेस्ट व्हर्जिनियाला आला. हा दुसरा बदल, म्हणून एनसीएएने सूट नाकारली. ७ डिसेंबर २०२३ ला ओहायोसह सात राज्यांच्या महाधिवक्त्यांनी १८९० च्या शर्मन या स्पर्धा-कायद्याखाली दावा लावला. १३ डिसेंबरला न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी १४ दिवसांचा मनाई हुकूम दिला. त्यावर एनसीएएची पहिली प्रतिक्रिया बघा: या १४ दिवसांत खेळलात आणि पुढे हुकूम फिरला, तर खेळलेला हंगाम तुमच्या खात्यातून जाईल. म्हणजे कोर्टाने दिलेली मोकळीक वापरायची पोरांना भीती. शेवटी दोन्ही बाजूंनी हुकूम वसंत हंगाम संपेपर्यंत वाढवून घेतला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारचं न्याय खातंही वादींच्या बाजूने आलं आणि मेमध्ये समझोत्याचा आदेश निघाला.

कायद्याचा गाभा साधा आहे. शेकडो कॉलेजं एकमेकांशी स्पर्धा करतात. त्यांनी एकत्र बसून 'दुसऱ्याकडून आलेल्याला वर्षभर खेळवायचं नाही' असं ठरवलं, तर तो स्पर्धकांनी मिळून बाजार अडवण्याचा करार होतो. एनएफएलमध्ये ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची संघांनी क्रमाने केलेली निवड), पगाराची मर्यादा, बदलाचे नियम हे सगळं चालतं, कारण तिथे खेळाडूंची युनियन आहे आणि तिने ते करारात मान्य केलं आहे. कॉलेजांत युनियन नाही, म्हणून ते कवच नाही. जून २०२१ च्या ऑल्स्टन निकालात सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने एनसीएएला सांगितलं की हौशीपणाच्या नावाखाली स्पर्धा-कायद्यातून सरसकट सूट मिळणार नाही. त्यानंतर 'दुसऱ्यांदा बदलला की बाहेर बस' हा नियम आणायचा तर दोनच रस्ते उरतात: अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सूट द्यायची, नाहीतर खेळाडूंशी सामूहिक करार करायचा. धागाकर्त्यांना यातला कुठला हवा ते सांगावं.

पावशेर

आपल्याकडे रणजीला राज्य बदलताना ना हरकत प्रमाणपत्र लागतंच की. जैस्वालने २०२५ मध्ये गोव्यासाठी मुंबईकडे मागितलं, मग परत घेतलं. पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे गेला. कोणी कोर्टात गेलं नाही.

वकिली चष्मा

पावशेर, दोघांना हवं ते मिळालं म्हणून कोणी कोर्टात गेलं नाही. नाकारलं असतं तर बोललो असतो. शिवाय रणजीत तुम्ही त्या राज्याच्या कॉलेजचे विद्यार्थी नसता. इथे एका दारातून बाहेर पडलं की पदवीचा अभ्यास, वसतिगृह, शिष्यवृत्ती सगळंच हलतं.

क्रेडिटमोजणी

शेवटचं वाक्य नेमकं तेच, ज्यावर बाकी कोणी बोलत नाही. मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं आहे. बोल सामन्यांचं मला काही नाही. पदवीचं गणित कसं मोडतं ते बघा.

एनसीएएच्या पहिल्या विभागात खेळायचं असेल तर ४०-६०-८० चा नियम आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या पदवीची ४० टक्के पूर्तता झालेली हवी, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. पदवी १२० क्रेडिटांची धरली तर अनुक्रमे ४८, ७२ आणि ९६. कळीचा शब्द 'पदवीची' हा आहे. नुसती जमवलेली क्रेडिटं चालत नाहीत, ती नव्या कॉलेजातल्या, नव्या विषयाच्या पदवीला लागू व्हायला हवीत.

आता उदाहरण. एक मुलगा तीन वर्षांत ७८ क्रेडिटं करतो, विषय स्पोर्ट मॅनेजमेंट. नव्या कॉलेजात तो विषयच नाही, म्हणून त्याला समाजशास्त्रात टाकतात. ७८ पैकी ६३ लागू होतात, उरलेली १५ 'ऐच्छिक' म्हणून स्वीकारली जातात, पण ऐच्छिकाचा कोटा आधीच भरलेला. ६३ म्हणजे ५२.५ टक्के. लागतात ७२. हंगामाआधी उन्हाळ्यात ९ क्रेडिटं म्हणजे तीन विषय काढायचे, तेही सकाळी सहाच्या सरावासोबत. एकात नापास झाला तर हंगाम गेला. आणि हे होऊ नये म्हणून सल्लागार काय करतात? ज्या पदवीत सगळ्यात जास्त क्रेडिटं खपतात ती पदवी देतात, मग मुलाला ती हवी असो वा नसो. दुसऱ्या बदलाला हेच पुन्हा, तिसऱ्याला पुन्हा.

त्यात पद्धतीचे फरक. यूसीएलएमध्ये क्वार्टर आहेत, बर्कलीमध्ये सेमिस्टर. क्वार्टरची ४५ युनिटं म्हणजे सेमिस्टरची ३०. पाच युनिटांचा विषय ३.३३ होतो आणि तीन-चार क्रेडिटांच्या साच्यात कुठेच नीट बसत नाही. शिवाय पदवीतली ठरावीक क्रेडिटं, बऱ्याच ठिकाणी ३० च्या आसपास, आमच्याच कॉलेजात करा अशी विद्यापीठांची स्वतःची अट असते. ती एनसीएएची नाही, त्यामुळे एनसीएएने सूट दिली तरी ती हटत नाही.

सर्वसाधारण विद्यार्थ्यांचाही अनुभव बरा नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज मांडला की २००४ ते २००९ मध्ये कॉलेज बदललेल्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं वाया गेली. हे सगळ्या विद्यार्थ्यांचं आहे, खेळाडूंचं वेगळं नाही. पण खेळाडूकडे विचार करायला पंधरा दिवस आणि मागे लागलेला एजंट असतो.

आडवा छेद

हे सगळं खरं आहे, ताई, आणि तरी याने धागाकर्त्यांची बाजू भक्कम होत नाही. क्रेडिटं बुडतात म्हणून मुलाला मैदानावर बसवल्याने एकही क्रेडिट परत येत नाही. तुमची गाठ ४०-६०-८० च्या नियमाशी आहे, आणि तो नियम पोर्टलच्या आधीपासून आहे. कॉलेजांना सांगा: मुलाने सही करायच्या आधी त्याची क्रेडिटं नव्या पदवीत कशी बसतात याचा लेखी तक्ता द्या. कुठलंही रजिस्ट्रार कार्यालय दोन-तीन दिवसांत तो बनवू शकतं. बनवत नाहीत, कारण तो बघून काही मुलं सही करणार नाहीत.

मैदानावर बदलाने काय दिलं तेही बघू. बेकर मेफील्ड टेक्सस टेकमधून ओक्लाहोमाला, हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) २०१७. कायलर मरी टेक्सस ए अँड एममधून ओक्लाहोमाला, २०१८. जो बरो ओहायो स्टेटमध्ये राखीव होता, एलएसयूला गेला आणि २०१९ मध्ये ६० टचडाउन पास आणि १५-० चा हंगाम. केलेब विल्यम्स २०२२, जेडन डॅनियल्स २०२३, ट्रॅव्हिस हंटर २०२४, फर्नांडो मेंडोझा २०२५, हे सगळे कॉलेज बदलून आलेले. मेंडोझा कॅलिफोर्नियातून इंडियानाला आला, आणि ज्या इंडियानाला फुटबॉलमध्ये कोणी विचारत नव्हतं ती जानेवारी २०२६ मध्ये १६-० च्या हंगामासह राष्ट्रीय विजेती झाली. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून येताना तिथले तेरा खेळाडू सोबत घेऊन आला होता. मोठ्या घराण्यांच्या गोदामात तिसऱ्या क्रमांकावर सडणारी पोरं बाहेर पडली म्हणून हे घडलं.

कॅम वॉर्ड घ्या. शाळेतून बाहेर पडताना त्याला सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्डशिवाय कोणी फारसं विचारलं नाही. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी, आणि २०२५ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिला. टचलाइन यांच्या नियमात तो २०२४ मध्ये बाकावर बसला असता.

टचलाइन

कॅम वॉर्ड हजारातला एक. उरलेल्यांचं काय? पोर्टल ही कॉलेजांनी बघायची यादी आहे. नाव टाकलं म्हणजे कोणी घेईलच असं नाही. मोठ्या संख्येने मुलं नाव टाकतात आणि त्यांना पहिल्या विभागात जागाच मिळत नाही. आणि नाव टाकल्यावर चालू सत्र संपताच शिष्यवृत्ती काढून घ्यायची कॉलेजला मुभा आहे, हे किती पालकांना ठाऊक असतं?

मैदानाबाहेरून

बरोबर, आणि ही मुभा काढली तर अर्धा प्रश्न सुटेल. पण सगळे स्वतःहून नाव टाकतात हे गृहीत कसं धरता? डिऑन सँडर्स डिसेंबर २०२२ मध्ये कोलोरॅडोत आल्यावर पहिल्याच बैठकीत संघाला म्हणाला की माझं सामान मी घेऊन येतोय, तुम्ही पोर्टलचा रस्ता धरा. ढकललेल्यांनाही 'शब्द मोडणारे' म्हणायचं?

बॅकहँड

फुटबॉल सोडून इतर खेळांबद्दल लिहितो. भारतातून, त्यात पुणे-मुंबईतून, जाणारी मुलं बहुतेक टेनिस, गोल्फ, पोहणे, ॲथलेटिक्स यांत असतात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ असा सलग दोनदा एनसीएए एकेरीचा विजेता होता, तेव्हापासून हा रस्ता आपल्याकडे परिचयाचा आहे. या खेळांत पहिला बदल आधीही बऱ्यापैकी मोकळा होता. आता त्रास वेगळ्याच जागी आहे.

पूर्वी पुरुष टेनिस संघाला ४.५ शिष्यवृत्त्या मिळून आठ-दहा जणांत वाटल्या जायच्या. महिलांना ८, त्या प्रत्येकी पूर्ण. ६ जून २०२५ ला मंजूर झालेल्या 'हाउस' समझोत्यानंतर (खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यातला), तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची आली: टेनिसला १०, गोल्फला ९, बेसबॉलला ३४, फुटबॉलला १०५. बाराजणांच्या संघातले दोघे एका ईमेलने मोकळे झाले. त्यांच्यासाठी पोर्टल ही मोकळीक नाही, ती रांग आहे. आणि समझोत्याने प्रत्येक कॉलेजला खेळाडूंमध्ये थेट वाटायची मुभा मिळालेले पैसे (२०२५-२६ साठी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर) बरेचसे फुटबॉलकडे जातात, टेनिसच्या मुलाला त्यातलं क्वचितच काही दिसतं.

आता व्हिसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने कॉलेज बदलायचं तर नुसतं पोर्टल पुरत नाही, त्याची सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) नोंद हलवावी लागते. क्रम चुकला की घोळ होतो, म्हणून क्रमाने लिहितो. नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र आधी हातात हवं. प्रशिक्षकाचा 'ये, जागा आहे' हा संदेश म्हणजे प्रवेश नव्हे. मग जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवून नोंद सोडायची तारीख ठरवायची. ती तारीख शेवटच्या परीक्षेनंतरची घ्या. त्या दिवसापर्यंत विचार बदलता येतो, त्यानंतर जुन्या कॉलेजच्या हातात काही उरत नाही. मग नवं कॉलेज नवं आय-२० (व्हिसासाठीचं पात्रता-पत्र) देतं. नोंद सोडल्यापासून किंवा जुना अभ्यासक्रम संपल्यापासून, जे आधी असेल तिथून पाच महिन्यांत नवे वर्ग सुरू व्हायला हवेत. मधल्या सत्रात १२ क्रेडिटांच्या खाली गेलात तर दर्जा धोक्यात. पोर्टलमध्ये नाव टाकून जागा शोधत बसलेल्या अमेरिकन मुलाने एक सत्र रिकामं सोडलं तर फार तर घरी बसेल. आपला मुलगा तसं करू शकत नाही.

जाता जाता: नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे जुलै २०२१ पासून मिळतात, पण एफ-१ वाल्याने अमेरिकेत त्यासाठी काम केलं तर ते परवानगीशिवायचं काम ठरू शकतं. केंटकीचा ऑस्कर शीब्वे, हासुद्धा वेस्ट व्हर्जिनियातून बदलून आलेला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघासोबत बहामाजला गेला आणि तिथे करार उरकून आला. तेवढी हुशारी सगळ्यांना परवडत नाही.

पावशेर

म्हणजे गोष्ट पैशापाशीच आली. पगार घ्यायचा आणि करार नको, असं कसं चालेल?

वकिली चष्मा

करार आहेत, पावशेर. अडचण अशी की ते कशाचे आहेत हे कोणीच मोठ्याने म्हणत नाही.

१९६४ पासून 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचा कागद होता. शाळेतल्या मुलाने त्यावर सही केली आणि नंतर मन बदललं तर वर्ष जायचं. कॉलेजने प्रशिक्षक बदलला तरी कागद मुलालाच बांधून ठेवायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो कागद रद्द झाला. आता आर्थिक मदतीचा करार आणि उत्पन्नात वाट्याचा करार असे दोन असतात. दुसऱ्यात बऱ्याच कॉलेजांनी बायआउटची कलमं घातली आहेत.

ती चालतात का, याची परीक्षा विस्कॉन्सिनने घेतली. त्यांच्या झेव्हियर लूकस या कॉर्नरबॅकने दोन वर्षांचा वाट्याचा करार केला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने पोर्टलची मागणी केली, कॉलेजने नाव चढवायला नकार दिला. मग त्याने काय केलं? विद्यापीठातून नाव काढलं आणि साधा विद्यार्थी म्हणून मायामीला प्रवेश घेतला. एनसीएएने सांगितलं की असं करून लगेच खेळायला आमच्या नियमांत आडकाठी नाही. पोर्टल हे बोलणी करायचं दार आहे, भिंतीला दुसरं दारही आहे. जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिनने दावा लावला तो मुलावर नाही, मायामीवर: आमच्या करारात ढवळाढवळ केली म्हणून. माझ्या मते हीच योग्य दिशा. पळवणाऱ्याला खर्च लागू द्या.

उलट बाजू मॅथ्यू स्लूका. होली क्रॉसहून यूएनएलव्हीला आला, संघ ३-० वर असताना सप्टेंबर २०२४ मध्ये थांबला. त्याच्या बाजूचं म्हणणं, तोंडी कबूल केलेले एक लाख डॉलर मिळाले नाहीत. कॉलेजचं म्हणणं, असा करारच नव्हता. तीन सामन्यांनंतरच का थांबला हे लक्षात घ्या: फुटबॉलमध्ये चारपर्यंत सामने खेळले तर तो हंगाम मोजला जात नाही. लेखी कागद असता तर दोघांपैकी एक जण पहिल्याच दिवशी तोंडघशी पडला असता.

टचलाइन

ठीक. एक वर्ष बसवण्याचा हट्ट सोडतो, तुम्ही म्हणता तसं ते कोर्टात टिकणार नाही. पण मग बायआउट सगळ्यांना सक्तीचा करा. पहिल्या वर्षात गेला तर मिळालेल्या वाट्याचे ५० टक्के, दुसऱ्यात २५, नंतर शून्य, आणि ते नव्या कॉलेजने भरायचे. इन्कार्नेट वर्डसारख्यांना निदान तयार केलेल्या मुलामागे काही मिळेल.

आडवा छेद

इन्कार्नेट वर्ड वाट्यात किती देणार, की त्याचे ५० टक्के कोणाला जाणवावेत? युरोपातल्या फुटबॉलसारखं घडवणाऱ्या क्लबला मोबदला देणारं गणित वेगळं असतं, तिथे आकडा नव्या क्लबच्या श्रेणीवर किंवा बदलीच्या रकमेवर ठरतो. तुमच्या सूत्रात श्रीमंत कॉलेज श्रीमंत कॉलेजला पैसे देईल, छोट्याला चहापाणी. आणि प्रशिक्षक गेला, संघ कमी केला किंवा कॉलेजने वाटा थकवला, तर बायआउट आपोआप रद्द हे कलम हवंच. ते नसेल तर आपण १९६४ च्या कागदावर परत आलो.

वकिली चष्मा

आणि 'सगळ्यांना सक्तीचा' म्हटलं की पुन्हा स्पर्धकांनी मिळून ठरवलेली किंमत. एकेका कॉलेजने आपल्या करारात टाकणं वेगळं. सगळ्यांसाठी एकच हवं तर समोर युनियन हवी. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने ५ मार्च २०२४ ला १३-२ मतांनी युनियन केली होती, वर्षअखेरीस तो अर्जच मागे घेतला गेला. सरकारी विद्यापीठांत अडचण आणखी मोठी, नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक करार करायलाच कायद्याने बंदी आहे.

मैदानाबाहेरून

शब्द पाळण्याबद्दल एक राहिलंच. यूसीएलए आणि यूएससीने ३० जून २०२२ ला पॅसिफिक किनाऱ्यावरची लीग सोडून बिग टेनमध्ये जाण्याचं जाहीर केलं. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल संघाला आता लीगचा सामना खेळायला न्यू जर्सीत रटगर्सला जावं लागतं, एका बाजूला सुमारे चार हजार किलोमीटर. ज्या मुलीने घराजवळ राहायचं म्हणून यूसीएलए निवडलं तिला कोणी विचारलं नाही. आणि विद्यापीठाने एक वर्षही बाहेर बसून काढलं नाही.

क्रेडिटमोजणी

बायआउटच्या वादात तारखा हरवू नयेत, कारण आत्ता नुकसान तिथे होतंय. फुटबॉलची मुदत आधी वर्षाला ६० दिवस होती, मग ४५, मग ३० (डिसेंबरात २० आणि एप्रिलमध्ये १०), आणि आता एकच, २ ते १६ जानेवारी. एप्रिलची खिडकी गेली हे बरं झालं. वसंतातला सराव संपल्यावर क्वार्टरबॅक निघून जायचा आणि प्रशिक्षकाकडे पर्याय नसायचा. प्रशिक्षक बदलला तर पंधरा दिवसांची वेगळी मुदत, नवा आल्यावर पाच दिवसांनी सुरू होणारी.

पण बघा: मुदत नाव टाकायची असते, कॉलेज निवडायची नाही. १६ जानेवारीला नाव टाकलेल्या मुलाचं दोन दिवसांनी पोर्टलवर चढतं. अनेक विद्यापीठांचं वसंत सत्र तोवर सुरू झालेलं असतं आणि विषय नोंदवायची शेवटची तारीख आठवड्या-दीड आठवड्यावर असते. त्यात गुणपत्रक मागवा, क्रेडिटं तपासून घ्या, प्रवेश घ्या, घर शोधा. या सत्रात प्रवेश हुकला तर वसंतातला सराव गेला आणि चालू सत्राअखेर जुनी शिष्यवृत्तीही जाऊ शकते.

म्हणून आडवा छेद यांच्या तक्त्याला माझा पूर्ण पाठिंबा, पण तो सहीच्या वेळी मागून उपयोग नाही. मुलाने नोव्हेंबरमध्येच स्वतःच्या सल्लागाराकडून आपल्या पदवीचा ताजा हिशोब घ्यावा, सगळ्या विषयांचे अभ्यासक्रम पीडीएफ करून ठेवावेत (नव्या कॉलेजला विषय जुळतो का हे त्यावरूनच ठरतं, आणि जुन्या कॉलेजची लॉगिन बंद झाली की ते मिळत नाहीत), आणि एनसीएएचा ट्रान्सफरविषयीचा सक्तीचा ऑनलाइन पाठ आधीच उरकावा, कारण तो पूर्ण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

बॅकहँड

यात एफ-१ वाल्यांनी एक भर घालावी: कंप्लायन्स कार्यालय (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणारं) आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय एकमेकांशी बोलतात असं धरून चालू नका. पहिल्याला 'पोर्टल' म्हणजे काय ते ठाऊक असतं, दुसऱ्याला 'सेव्हिस'. दोघांना वेगळी ईमेल, आणि दोन्हींची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर.

टचलाइन

नोव्हेंबरमध्ये मुलगा सल्लागाराकडे पदवीचा हिशोब मागायला गेला की संध्याकाळपर्यंत प्रशिक्षकाला कळतं आणि शनिवारी तो बाकावर असतो. त्याचं काय करायचं?

क्रेडिटमोजणी

दर सत्राला मागायचा, सगळ्यांनी. मग कोणाचा संशय येत नाही.